एआय एजंटच्या हातात नेटवर्कच्या कोणत्या किल्ल्या द्याव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंधेरीत मुख्य कार्यालय, भिवंडी आणि तळोज्यात गोदामं, सगळं मिळून साधारण साडेतीनशे स्विच आणि चाळीसेक राउटर-फायरवॉल. एनओसीसाठी (नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या कक्षासाठी) एआय एजंट आणायचं वरून ठरलंय आणि चाचणी सुरू आहे. एजंटला नेटवर्क टीमच्याच सर्व्हिस अकाउंटवरून, म्हणजे टीमच्या सामायिक लॉगिनवरून, ॲक्सेस दिलाय. रिलोड, इरेज, शटडाउन यांसारख्या कमांड परवानगीशिवाय चालवायच्या नाहीत, असं त्याच्या सूचनांमध्ये ठळक लिहिलंय, आणि तीन आठवड्यांत त्याने ते एकदाही मोडलेलं नाही. एवढं पुरेसं आहे का? नसेल तर सुरुवात कुठून करायची? आणि रात्री एक ते पाच एनओसीत एकच माणूस असतो, तेव्हा एजंटला स्वतःहून दुरुस्ती करू द्यावी का?

पुरेसं नाही. चाचणी थांबवू नका, पण ते सर्व्हिस अकाउंट आज संध्याकाळच्या आत एजंटकडून काढून घ्या. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी तेवीस वर्षं नेटवर्कच्या कामात आहे. त्यातली बरीचशी महापे-रबाळेच्या डेटा सेंटरांत गेली, आणि गेलं दीड वर्ष ग्राहकांकडे असे एजंट बसवून देते आहे. एजंटच्या उपयोगाबद्दल माझ्या मनात शंका नाही. पहाटे तीन वाजता आलेल्या चाळीस अलार्मपैकी मूळ बिघाड कोणता आणि त्याच्यामागे ओढले गेलेले कोणते, हे तो दोन मिनिटांत सांगतो तेव्हा ड्यूटीवरच्या मुलाचा जीव भांड्यात पडतो. म्हणूनच त्याचा ॲक्सेस नीट बेतून द्यावा असं मला मनापासून वाटतं. एका रात्री त्याने गोदाम बंद पाडलं, तर पुढची काही वर्षं तुमच्याकडे एजंटचं नावही कोणी काढू देणार नाही.

आधी सूचनेबद्दल. मॉडेलसमोर जे काही येतं ते सगळं एकाच ओघात येतं: तुम्ही लिहिलेल्या सूचना, ग्राहकाच्या टिकटमधला मजकूर, राउटरने परत पाठवलेलं आउटपुट. यातलं हुकूम कोणता आणि माहिती कोणती, हे तो अंदाजाने ठरवतो. बहुतेक वेळा बरोबर ठरवतो. तीन आठवडे त्याने सूचना मोडली नाही याचा अर्थ तीन आठवड्यांत ती मोडावीशी वाटेल असा प्रसंग आला नाही, एवढाच होतो. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोड लिहून देणाऱ्या सेवेच्या एजंटने एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसला. कोडमध्ये काहीही बदल करायचा नाही हे त्याला पुन्हा पुन्हा सांगितलेलं होतं. वर, आता डेटा परत आणता येणार नाही, असंही त्याने सांगितलं, आणि तेही चूक निघालं, डेटा परत आणता आला. त्यानंतर कंपनीने काय उपाय जाहीर केला हे पाहण्यासारखं आहे. विकासाचा डेटाबेस आणि चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवायचे, हा. सूचना आणखी कडक शब्दांत लिहून भागणार नाही हे त्यांनाही दिसलं होतं.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही ज्या कमांडची यादी केली आहे ती ऐकायला भीतीदायक कमांडची यादी आहे. प्रत्यक्षात साइट पाडणाऱ्या कमांड बऱ्याचदा साध्या दिसतात.

२०११ च्या पावसाळ्यात मी भिवंडीतल्या एका ग्राहकाचं काम महाप्यातून करत होते. गोदामात नवे हँडहेल्ड स्कॅनर आले होते, त्यांच्यासाठी व्हीलॅन ३० (स्विचवर वेगळ्या काढलेल्या जाळ्यांपैकी एक) अपलिंकवरून, म्हणजे स्विचला पुढच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या लिंकवरून, न्यायचा होता. रात्री पावणेबाराला मी लिहिलं, "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०", आणि एंटर दाबलं. "व्हीलॅन" आणि "३०" यांच्या मध्ये "ॲड" हा शब्द राहिला. तो असता तर आधीच्या यादीत ३० जोडला गेला असता. तो नव्हता, म्हणून आधीची सगळी यादी गेली आणि त्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या त्या लिंकवर) एकटा ३० उरला. मॅनेजमेंटचा व्हीलॅनही, ज्यावरून मी स्विचशी बोलत होते, त्याच ट्रंकवरून जात होता. कर्सर जागच्या जागी थांबला. पुढची ओळ आलीच नाही. शिळफाटा, मुंब्रा बायपास, माणकोली असं करत मी पावसात तिथे पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते, आणि गोदामाच्या दारात सात ट्रक उभे होते. कन्सोल केबल लावून दुरुस्ती केली, तिला एक मिनिटही लागलं नाही.

त्या कमांडमध्ये घातक म्हणावा असा एकही शब्द नाही. तुमच्या यादीत ती नाही, आणि माझ्या तेव्हाच्या यादीतही नव्हती. शिवाय यादीला वळसा घालणं कठीण नसतं. सिस्कोच्या उपकरणांवर कमांड अर्धवट लिहिली तरी चालते, त्यामुळे "रिलोड" शब्द शोधणाऱ्या गाळणीतून "रेलो" सुटून जातं. कॉन्फिग मोडमध्ये (सेटिंग बदलायच्या स्थितीत) "डू" लावून बाहेरची कमांड चालवता येते. एखादी फाइल रनिंग कॉन्फिगमध्ये, म्हणजे उपकरणाच्या चालू सेटिंगमध्ये, कॉपी केली, तर त्या फाइलमध्ये काय लिहिलंय हे गाळणीला कधीच कळत नाही. एजंट हे लबाडीने करतो असं मला म्हणायचं नाही. त्याला काम पुरं करायचं असतं, एक वाट बंद दिसली की तो दुसरी शोधतो. हुशार ज्युनिअरही हेच करतो.

तेव्हा काय करू द्यायचं नाही याच्या याद्या सोडा. काय करता येईल तेवढंच त्याच्या हातात ठेवा, आणि तेही कमांडच्या रूपात नको. एजंटला सीएलआय, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, द्यायचाच नाही, ही माझी पहिली अट असते. एजंट आणि उपकरणं यांच्या मध्ये एक गेटवे बसवायचा. पासवर्ड, टोकन, एसएसएचच्या किल्ल्या सगळ्या गेटवेकडे. एजंट फक्त गेटवेवरची ठरावीक टूल्स हाक मारून वापरतो.

उदाहरण वरच्याच प्रसंगाचं घेऊ. "कॉन्फिग चालव" असं टूल न करता "ॲक्सेस पोर्टचा व्हीलॅन बदल" असं टूल करायचं. ते तीनच गोष्टी घेतं: साइट, पोर्ट, व्हीलॅनचा क्रमांक. मागचा कोड आधी उपकरणाला विचारतो की हा पोर्ट खरोखर ॲक्सेस पोर्ट (शेवटच्या उपकरणासाठीचा, एकाच व्हीलॅनचा पोर्ट) आहे का. ट्रंक असेल तर काम तिथेच संपलं. शेजारी स्विच, राउटर किंवा फायरवॉल दिसत असेल तर नकार. पोर्टमागे दोनापेक्षा जास्त मॅक ॲड्रेस (उपकरणांचे हार्डवेअर पत्ते) दिसले तर नकार, कारण कोणीतरी तिथे छोटा स्विच लावलेला असतो. नेटबॉक्समध्ये (नेटवर्कच्या नोंदवहीत) त्या साइटला हा व्हीलॅन दिलेला नसेल तर नकार. मॅनेजमेंटचा व्हीलॅन असेल तर कोणत्याही परिस्थितीत नकार. एवढं पार पडल्यावर कमांड गेटवे स्वतः बनवतो, ठरलेल्या साच्यातून. "ॲड" राहून जायची शक्यताच उरत नाही, कारण तो शब्द लिहिणं एजंटच्या हातात नाही. असं एक टूल नीट लिहायला आणि तपासायला माझ्या माणसांना दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या सहा महिन्यांत अशी दहा-बारा टूल्स पुरतात. एनओसीचं रोजचं काम एवढ्यात बसतं, हे तुमची मागच्या तिमाहीची टिकटं चाळून पाहिलीत तर दिसेल.

एमसीपी (एजंटला टूल्स जोडून देणारा प्रोटोकॉल) सर्व्हर वापरत असाल तर एक सावधगिरी. त्या प्रोटोकॉलमध्ये टूलवर "रीड ओन्ली" किंवा "डिस्ट्रक्टिव्ह" असा शिक्का लावायची सोय आहे. काहीच लिहिलं नसेल तर टूल घातक धरावं, हे त्यांनी बरं केलंय. पण तो शिक्का म्हणजे सर्व्हर लिहिणाऱ्याचा दावा आहे. ज्या सर्व्हरवर विश्वास नाही त्याच्या शिक्क्यावर निर्णय घेऊ नका, असं त्या मसुद्यातच सांगितलेलं आहे. बाहेरून उतरवून घेतलेला, नेटवर्क उपकरणांशी बोलणारा सर्व्हर मी आतला कोड वाचल्याशिवाय ग्राहकाकडे लावत नाही. त्यातल्या बऱ्याच सर्व्हरमध्ये "कोणतीही कमांड पाठवा" असं एक टूल ठेवलेलं असतं, आणि ते असलं की बाकीच्या नीटनेटक्या टूल्सना काही अर्थ राहत नाही.

गेटवेच्या मागे दुसरी भिंत उपकरणावर हवी. टॅकॅक्स प्लस (उपकरणांवरचं लॉगिन आणि कमांडच्या परवानग्या तपासणारी व्यवस्था) तुमच्याकडे आहे असं गृहीत धरते. एजंटच्या गेटवेला स्वतंत्र वापरकर्ता द्या, वाचनासाठी एक आणि बदलासाठी दुसरा, आणि दोघांना कमांडनिहाय परवानगी लावा. रेडियस हा दुसरा पर्याय लॉगिनपुरता ठीक आहे, एकेका कमांडची परवानगी तपासायचं काम त्याच्याकडून होत नाही. कॉन्फिग मोडमधल्या कमांडही तपासल्या जातात का, हे कागदावर न मानता स्वतः लॉगिन करून पाहा.

इथे एक खाच आहे, ती बहुतेक ठिकाणी सापडते. टॅकॅक्स सर्व्हर गाठता आला नाही तर काय करायचं, हे उपकरणावर लिहिलेलं असतं. तिथे "इफ ऑथेंटिकेटेड" असं असेल, तर सर्व्हर पडल्यावर आत असलेल्याला सगळ्या कमांड मोकळ्या होतात. माणसांसाठी ही सोय समजण्यासारखी आहे, संकटात हात बांधलेले नकोत. पण एजंट नेमका संकटातच सर्वांत जास्त धावपळ करत असतो, आणि नेटवर्क अर्धवट पडलेलं असताना टॅकॅक्स सर्व्हर हाताशी नसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणजे कुंपण नेमकं गरजेच्या वेळी आडवं पडतं. याचा उपाय गेटवेत करायचा. टॅकॅक्स उत्तर देत नसेल तर एजंटची बदलाची सगळी टूल्स आपोआप बंद, वाचनाची चालू.

पण वाचनही निरुपद्रवी धरू नका. "डीबग आयपी पॅकेट" काही बदलत नाही, तरी गर्दीच्या राउटरचा सीपीयू गुदमरवू शकते. रनिंग कॉन्फिग वाचायला दिली तर त्यातले टाइप ७ पासवर्डही एजंटपुढे गेले, आणि ते उलगडायला काही सेकंद लागतात. जुन्या स्विचवर एसएनएमपीची (उपकरणांवर दुरून नजर ठेवायच्या प्रोटोकॉलची) लिहिण्याची कम्युनिटी, म्हणजे एक प्रकारचा पासवर्ड, उघडी पडलेली असते. ती ज्याच्या हाती लागली त्याला कॉन्फिग बदलायला लॉगिनही लागत नाही. म्हणून आउटपुट गेटवेतूनच गाळून द्या आणि गुपितं तिथेच झाका. त्या लिहिण्याच्या कम्युनिटी तर एजंट असो वा नसो, या महिन्यात काढून टाका.

वाचलेल्या मजकुराने एजंट कसा वाहवतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका ग्राहकाचं मुख्य कार्यालय लोअर परळला आणि डीआर (संकटकाळचं पर्यायी केंद्र) ऐरोलीला. व्हिडिओ कॉल तुटतात अशी तक्रार होती आणि एजंट ती तपासत होता. वाटेत त्याला एका इंटरफेसचं डिस्क्रिप्शन दिसलं: वापरात नाही, अप दिसल्यास बंद करावे. कोणीतरी फार पूर्वी लिहून ठेवलेलं. पुढे तीच लिंक डीआरच्या रेप्लिकेशनसाठी राखीव म्हणून जोडली गेली, डिस्क्रिप्शन कोणी बदललं नाही. एजंटने प्रस्ताव ठेवला, हा इंटरफेस बंद करावा, कॉन्फिगमध्ये तशी सूचना आहे. त्याच्याकडे फक्त प्रस्ताव ठेवण्याचा अधिकार होता, म्हणून तो प्रस्तावच राहिला. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. आता हेतू असलेला माणूस धरा. लॅपटॉपचं होस्टनेम, एलएलडीपीत (शेजारच्या उपकरणाला ओळख सांगणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) कळवलेलं नाव, सिसलॉगची (उपकरणाच्या लॉगची) ओळ, बाहेरच्या माणसाने पाठवलेलं टिकट, यांतला प्रत्येक मजकूर कोणीतरी दुसऱ्याने लिहिलेला असतो आणि तो थेट एजंटपुढे जातो. ओडब्ल्यूएएसपी या सुरक्षाविषयक संस्थेच्या भाषा मॉडेलांच्या धोक्यांच्या २०२५ च्या यादीत प्रॉम्प्ट इंजेक्शन (मजकुरात हुकूम दडवून मॉडेलला फसवणं) पहिल्या क्रमांकावर आहे, आणि एजंटला गरजेपेक्षा जास्त अधिकार देणं सहाव्या. नेटवर्कमध्ये ही दोन्ही एकाच वायरवर भेटतात.

अप्रूव्हलबद्दल सविस्तर लिहिते, कारण "माणसाची परवानगी घेतो" एवढं म्हणून बहुतेक जण पुढे जातात.

लोकलचा मोटरमन सिग्नल हिरवा दिसला तरी गार्डची घंटा आल्याशिवाय गाडी हलवत नाही. दोघं गाडीच्या दोन टोकांना. मोटरमनला सिग्नल दिसतो, गार्डला फलाट दिसतो. दोघांना वेगवेगळं दिसतं म्हणून त्या घंटेला किंमत आहे. तुमच्या अप्रूव्हलच्या पडद्यावर एजंटने लिहिलेला सारांश आणि खाली "मंजूर" असं बटण असेल, तर तुम्ही गार्डला मोटरमनच्या केबिनमध्ये बसवलंय. त्याला फलाट दिसतच नाही. मंजुरी देणाऱ्याला एजंटच्या तोंडून आलेलं काही दाखवण्याआधी गेटवेने स्वतः काढलेलं चित्र दाखवा: उपकरणावर आत्ता काय आहे, बदलानंतर काय असेल, दोन्हीतला फरक ओळीनिशी, त्या पोर्टमागे किती उपकरणं आहेत आणि कोणती साइट त्यावर चालते. एजंटचं म्हणणं खाली असू द्या.

मंजुरी त्या नेमक्या बदलालाच चिकटलेली हवी. मंजुरी मिळाल्यावर एजंटने एक अक्षर बदललं तर ती रद्द. मधल्या वेळेत उपकरणाची कॉन्फिग दुसऱ्या कोणी बदलली तरी रद्द. पंधरा मिनिटांत वापरली नाही तरी रद्द. आणि एकदाच चालेल. ज्याने एजंटला काम सांगितलं त्यानेच मंजुरी द्यायची नाही.

संख्या कमी ठेवा. दिवसाला पन्नास मंजुऱ्या मागितल्या तर पहिल्या आठवड्यात लोक वाचतात आणि तिसऱ्या आठवड्यात अंगठा आपोआप पडतो. यात माणसांना दोष देण्यात अर्थ नाही, कोणाचंही असंच होईल. वाचनाला मंजुरी नको, किरकोळ आणि सहज उलटवता येणाऱ्या बदलांना ठरलेल्या मर्यादेत मंजुरी नको. मग दिवसाला चार-पाच उरतात, आणि त्या माणूस खरंच वाचतो.

काही कामं मात्र मंजुरी घेऊनही एजंटकडे नकोत, असं माझं ठाम मत आहे. कोअर रिलोड, फर्मवेअर, बीजीपीचा (नेटवर्कांमध्ये राउट्सची देवाणघेवाण करणाऱ्या प्रोटोकॉलचा) शेजारी काढणं किंवा सगळी सेशन एकदम क्लिअर करणं, फायरवॉलचे नियम पुसणं, कॉन्फिग इरेज, टॅकॅक्स आणि लॉगच्या सेटिंग. क्लाउडमध्ये राउट टेबल पुसणं आणि टेराफॉर्मचा डिस्ट्रॉय (उभारलेलं सगळं एका कमांडने पाडणं). या कामांत टाइप करायला वेळ लागतच नाही, सगळा वेळ विचाराला लागतो. एजंटने टाइप केल्याने काही वाचत नाही. त्याने तयारी करावी, जोखीम मांडावी, मागे यायच्या पायऱ्या लिहून द्याव्यात. मग रविवारी जसा मेगाब्लॉक जाहीर करून घेतात तशी चेंज विंडो जाहीर करा आणि माणसाने स्वतःच्या लॉगिनने काम करावं. ही टूल्स गेटवेत लिहायचीच नाहीत. जे टूल नाहीच ते वापरायला एजंटला कोणी फसवूही शकत नाही.

परतीची वाट हा पुढचा विषय. माझ्या त्या भिवंडीच्या रात्री मी आधी "रिलोड इन १०" लिहून ठेवलं असतं, तर दहा मिनिटांत स्विच जुन्या कॉन्फिगवर आपोआप परतला असता आणि मला माणकोलीचं पाणी तुडवावं लागलं नसतं. ज्युनिपर कंपनीच्या उपकरणांवर यासाठी "कमिट कन्फर्म्ड" आहे. काही सांगितलं नाही तर दहा मिनिटांत बदल मागे घेतला जातो. नेटकॉन्फ या कॉन्फिग बदलायच्या प्रोटोकॉलमध्येही हीच सोय आहे, तिची ठरलेली मुदत ६०० सेकंद. सिस्कोच्या आयओएसवर आर्काइव्ह लावून "रिव्हर्ट टायमर" मिळतो. एजंटचा प्रत्येक बदल अशा मुदतीसहच गेला पाहिजे, ही मुदत गेटवेने लावायची.

पण कायम करायचा होकार कोण देतो ते पाहा. आमच्या लॅबमध्ये एजंटने ट्रंक बदलला, स्वतःचं सेशन जिवंत आहे हे पाहिलं आणि होकार देऊन मोकळा झाला. त्याचं सेशन दुसऱ्या अपलिंकवरून येत होतं. वापरकर्त्यांचा व्हीलॅन तुटलेला होता आणि त्याला ते दिसायचं काही कारणच नव्हतं. तेव्हापासून होकार एजंट देत नाही. गोदामातल्या स्कॅनरच्या व्हीलॅनवर एक छोटा प्रोब (तपासणी करणारं उपकरण) बसवलेला असतो. तो गोदामाच्या सर्व्हरपर्यंत पोचून दाखवतो, तेव्हाच गेटवे बदल कायम करतो.

गेटवेवरही डोळे मिटून विसंबू नका. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं नेटवर्क जवळपास सहा तास बंद होतं. देखभालीच्या वेळी बॅकबोनची (डेटा सेंटरांना जोडणाऱ्या मुख्य जाळ्याची) क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका कमांडने सगळा बॅकबोनच तुटला. अशा कमांड अडवणारं तपासणीचं टूल त्यांच्याकडे होतं, पण त्यात बग होता आणि त्याने ती सोडली. पुढे त्यांचे डीएनएस सर्व्हर इंटरनेटवरून दिसेनासे झाले आणि माणसांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं. म्हणून महिन्यातून एकदा लॅबच्या स्विचवर नाकारल्या जायला हव्यात अशा विनंत्या मुद्दाम पाठवून पाहा. प्रत्येक नकार खरोखर येतो का, हे नोंदवा.

कॅनडात ८ जुलै २०२२ ला रॉजर्स या टेलिकॉम कंपनीचं नेटवर्क पडलं ते एक राउटिंग फिल्टर काढल्याने. राउट्सचा लोंढा कोअरवर आला. मॅनेजमेंटचं नेटवर्क त्याच कोअरवर अवलंबून असल्याने त्यांच्या लोकांना उपकरणांपर्यंत पोचताच येईना. तुमच्या भिवंडी-तळोज्याच्या प्रत्येक गोदामात कन्सोल सर्व्हर (नेटवर्क पडलं तरी उपकरणांपर्यंत पोचवणारा) आणि त्याला वेगळ्या कंपनीचं फोरजी सिम, एवढा खर्च एजंट चालू करण्याआधी मंजूर करून घ्या. त्या वाटेवर एजंटला कधीच सोडू नका. ती फक्त माणसांची.

आणि वेगावर बंधन. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एस३ सेवेत कमांडमध्ये चुकीच्या दिलेल्या एका माहितीमुळे ठरवलेल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले. नंतर त्यांनी ते टूल सावकाश चालेल असं केलं आणि किमान क्षमतेच्या खाली जाणारा बदल अडवला. माणूस चूक करतो ती एका स्विचवर, हात थांबतो. एजंट तीच चूक मिनिटाभरात साठ स्विचवर करू शकतो. एका वेळी एक उपकरण, एका साइटवर तासाला दोन बदल, जोडीतला एक स्विच आधीच आजारी असेल तर दुसऱ्याला हात नाही, हे आकडे गेटवेत घाला.

लॉगचं फार लांबवत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. सामायिक अकाउंटवर एजंट आणि चार माणसं एकत्र काम करत असतील तर कोणी काय केलं हे सहा तासांतच काय, सहा दिवसांतही सांगता येणार नाही. काम कोणी सांगितलं, एजंटने काय वाचलं, कोणतं टूल हाक मारलं, मंजुरी कोणाची, उपकरणावर प्रत्यक्ष काय गेलं, हे एका क्रमांकाखाली बांधलेलं असू द्या, आणि ते लॉग एजंटला लिहिता येणार नाहीत अशा जागी ठेवा.

सुरुवात कुठून, याचं उत्तर बरंचसं वर आलंच आहे. आज अकाउंट काढा. या आठवड्यात वाचनाचा वेगळा वापरकर्ता द्या आणि गाळलेलं आउटपुट दाखवा. पुढचे दोन महिने एजंट फक्त निदान करेल आणि प्रस्ताव ठेवेल, बदल माणसं करतील. प्रत्येक प्रस्तावापुढे टीमने लिहायचं: बरोबर, चूक, किंवा चूक आणि घातक. ही वही फार मोलाची असते. कोणतं टूल आधी लिहायचं आणि कोणतं कधीच लिहायचं नाही, हे तिच्यातूनच कळतं. व्यवस्थापन घाई करेल, त्यांना ही वही दाखवा.

आता रात्रीचं. एकट्या माणसाच्या भरवशावर एजंटला मोठी मोकळीक देऊ नका, पण काहीच देऊ नका असंही मी म्हणणार नाही. वर सांगितलेले दोन महिने झाले की दोन कामं द्या. पहिलं, ॲक्सेस पॉइंट, कॅमेरा किंवा स्कॅनरचा क्रेडल अडकला असेल तर त्या एका पोर्टची पीओई (नेटवर्क केबलमधूनच जाणारी वीज) बंद करून चालू करणं. त्याच पोर्टवर रात्रीत एकदाच. दुसरं, एरर-डिसेबल झालेला (गडबड आढळल्याने स्विचने स्वतः बंद केलेला) ॲक्सेस पोर्ट पुन्हा उघडणं. पण कारण बीपीडीयू गार्ड (लूप टाळण्यासाठीचं संरक्षण) असेल तर नाही, कारण तिथे कोणीतरी दुसरा स्विच जोडलेला किंवा केबलचा फेरा केलेला असू शकतो आणि पोर्ट उघडला तर गोदाम लूपमध्ये जायचा धोका असतो. दोन्ही मिळून एका साइटवर रात्रीत चारच वेळा. एक प्रयत्न फसला की एजंटची बदलाची टूल्स सकाळपर्यंत बंद, आणि ऑन-कॉल माणसाला फोन. मेसेज नको, फोन. बाकी प्रस्ताव सकाळची पाळी येईपर्यंत थांबतील. साइटच बंद असेल तर एजंटचं निदान समोर ठेवून माणसाने स्वतः दुरुस्ती करायची.

आणि त्या रात्रपाळीच्या माणसाकडे एजंटचा ॲक्सेस एका झटक्यात तोडायचा अधिकार लेखी असू द्या, कोणालाही न विचारता, आणि नंतर जाब न देता. टॅकॅक्समधला एजंटचा गट बंद आणि गेटवे बंद, दोन्ही एकाच बटणावर, आणि ते बटण फोरजीच्या वाटेवरूनही चाललं पाहिजे. पहिल्या आठवड्यात एका रात्री, काहीही बिघडलेलं नसताना, त्याला ते एकदा दाबायला लावा आणि शेजारी उभे राहा.